एक घातली, एक काढली

१

बिळांवर जाळ्या लावताना बोलायचं नाही, खोकायचं नाही, बूट आपटायचे नाहीत. सशाला जमिनीखालून सगळं ऐकू येतं. रविकांत हे काम बारा वर्षं करत होता आणि बारा वर्षांत त्याला बोलायचा तसाही कंटाळा आलेला होता, त्यामुळे हा नियम त्याला कधी जड गेला नाही. जड जायचे ते गुडघे. एकेका बिळापुढे टेकायचं, जाळी पसरायची, तिची खुंटी ओल्या मातीत दाबायची, उठायचं, पुढच्या बिळापाशी पुन्हा टेकायचं. त्या दिवशी बांधाच्या एका अंगाला चौदा बिळं होती आणि दुसऱ्या अंगाला नऊ.

आता हा सांगलीकडचा माणूस आयर्लंडात जाऊन ससे का धरत होता, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तुमचं सगळं लक्ष त्यातच अडकून राहायचं. त्याची बायको पद्मजा डॉक्टर. किलकेनीच्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली आणि हा तिच्या मागोमाग आला. सुरुवातीला त्याच्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. घरी बसून माणूस किती चहा पिणार? म्हणून तो चालायला जायचा, आणि असाच एकदा एका शेताच्या फाटकाशी त्याला मॉसी भेटला. मॉसीच्या कोटाच्या खिशातून एक पांढरं तोंड बाहेर डोकावत होतं. ते फेरेट होतं. मुंगसासारखं लांबडं, हातभर जनावर. ते बिळात सोडलं की ससे जीव घेऊन बाहेर पळतात आणि जाळीत सापडतात. रविकांतला ते बघून इतका आनंद झाला की परवानगी मिळाल्या मिळाल्या तो मॉसीचा भागीदारच झाला. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारायचं, "वहिनी डॉक्टर, आणि आपण?" हा म्हणायचा, "मी ससे धरतो." लोक आधी हसायचे आणि मग मोदकाच्या ताटाकडे वळायचे.

पण तो आनंद आता कुठल्या कुठे गेला होता. हे काम हिवाळ्याचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज ओलं व्हायचं, रोज वाळायचं.

त्या दिवशीचं शेत घोड्यांच्या पैदाशीचं होतं. घोड्याचा पाय बिळात गेला की मोडतो, म्हणून मालकिणीनं या दोघांना बोलावलं आणि स्वतः मुलीकडे निघून गेली. मॉसी एकाहत्तर वर्षांचा, कमरेचा सांधा बदललेला. तो वरच्या अंगाला व्हॅनशी खुर्ची टाकून, मांडीवर बावीस बोअरची रायफल घेऊन बसायचा आणि लांब चरायला निघालेले ससे टिपायचा. जाळ्या आणि फेरेट हे रविकांतचं खातं.

सकाळी अकराला त्यानं ठकीला आत सोडलं. ठकी म्हणजे त्याची सात वर्षांची मादी. दुधासारखी पांढरी, महाद्वाड, डावा वरचा सुळा तुटलेला. गळ्यात कॉलर होती. कॉलरमधून संदेश येतो आणि हातातल्या यंत्रावर दिसतं की जनावर कुठे आणि किती खोल आहे. एरवी दहा मिनिटांत जमिनीखाली धपधप सुरू व्हायची. त्या दिवशी एक ससा निघाला नाही. आतून आवाज म्हणून आला नाही. यंत्र म्हणायचं सव्वा मीटर, आणि ठिपका बांधाखालून हळूहळू फिरायचा.

साडेतीन वाजता ठकी बाहेर आली. तिची एक खोड होती. अर्धी बाहेर यायची, बघायची, पुन्हा आत पळायची, तीनचार वेळा खेळवल्याशिवाय हाताला लागायची नाही. आज ती सरळ चालत आली आणि रविकांतच्या तळव्यावर बसली. गळ्यात कॉलर नव्हती. साडेचार तास चिखलात असलेल्या जनावराच्या अंगावर मातीचा एक कण नव्हता.

२

काम झालं की फेरेटचं तोंड उघडून बघायचं, नख्या बघायच्या, पोट चाचपायचं. सशाची लाथ बसलेली असते, काटा गेलेला असतो. मॉसीनं त्याला ही सवय पहिल्याच आठवड्यात लावली होती आणि बारा वर्षांत ती त्यानं मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली. बोटं आखडली होती, पाऊस कोटाच्या कॉलरमधून पाठीत उतरत होता. उद्या बघू, म्हणून त्यानं तिला पेटीत ठेवलं.

मग जाळ्या गोळा केल्या. तेवीसच्या तेवीस भरल्या. पेटी उचलताना खिशातलं यंत्र टिकटिकलं.

त्यानं ते बाहेर काढून बघितलं. सव्वा मीटर. ठिपका होता.

"कॉलर निसटली असेल," निघायचं म्हणून खाली आलेला मॉसी म्हणाला. मॉसी बोलायचा अर्थातच इंग्रजीत, पण इतक्या वर्षांत त्याचं बोलणं रविकांतच्या कानात मराठीतच पोचायचं. "झाडाच्या मुळीत अडकून निसटली. होतं असं. उद्या खणून काढू."

"मॉसी, निसटलेली कॉलर एका जागी पडून राहते ना?"

"मग?"

"ही चालतेय."

दोघं यंत्रात बघत उभे राहिले. ठिपका काटेरी झुडपाखालून निघाला, बांधाच्या टोकापर्यंत गेला, थांबला, परत फिरला. अर्धा पुढे यायचा आणि मागे पळायचा. अर्धा पुढे, पुन्हा मागे.

"ससा असेल," मॉसी म्हणाला. "त्याच्या पायात अडकली असेल. हे बघ, एक घातली, एक काढली. जाळ्या पुऱ्या आहेत. ग्रँड. चल आता, मला हुडहुडी भरलीय."

हिशेब बरोबर होता, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. आणि रविकांत इतका दमला होता की हिशेब बरोबर आहे एवढंच त्याला पुरलं.

३

घरी पद्मजा स्वयंपाकघरात उभी होती. ड्यूटीचे कपडेही बदलले नव्हते. तो टेबलाशी बसला तशी तिनं प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, ताट काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. इथे सगळेच कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता तीही म्हणायची.

"जेव. आणि झोपायच्या आधी ऐक," ती म्हणाली.

"ऐकतोय."

"नाही ऐकत. डोळे मिटलेत तुझे."

त्यानं डोळे उघडले.

"स्लायगोच्या हॉस्पिटलवाल्यांना परवा सकाळपर्यंत उत्तर हवंय. कन्सल्टंटची पोस्ट आहे, रवी. पुन्हा येणार नाही. मी दोन महिने तुला विचारतेय, येणार का माझ्याबरोबर. तू दोन महिने म्हणतोयस, बघू."

"मॉसी एकटा पडेल ग."

"आणि मी?" ती समोर बसली. भांडायच्या आवाजात बोलली असती तर बरं झालं असतं. "तुला माहितीय, मला तुझ्या सशांची लाज वाटत नाही. कधीच वाटली नाही. पण संध्याकाळी माझ्या घरी नवरा येत नाही, त्याचा ओला कोट येतो. मी दिवसभर दमलेली माणसंच बघते. घरी आल्यावर मला एक तरी जागा माणूस हवाय."

तिचं खरं होतं आणि खऱ्याला उत्तर द्यायलाही ताकद लागते.

"उद्या मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "सहा वाजता मी भाकरी टाकणार. तू आंघोळ करून, जागा, या खुर्चीत बसलेला असशील, तर आपण दोघं मिळून ठरवू. नसशील तर मी एकटीचं कळवून टाकते. रागानं नाही सांगत. मलाही आता होत नाही रे."

"सहाला येतो," तो म्हणाला. "पद्मा, नक्की येतो."

त्याला खरंच यायचं होतं. ती गेली तर या घरात तो आणि ओला कोट, दोघंच उरणार होते. या विचारानं तो इतका घाबरला की त्याची झोप पाच मिनिटं लांबली.

झोपायच्या आधी मागच्या शेडमध्ये त्यानं ठकीला पिंजऱ्यात सोडलं. पिंजऱ्यात पाटील होता, त्यांचा नर. जाडजूड, ऐटबाज, दिवसभर ठकीच्या शिव्या खाणारा. ठकी आत गेली तशी पाटील उठला आणि थेट दूरच्या कोपऱ्यात जाऊन जाळीला पाठ लावून उभा राहिला. ठकी पिंजऱ्याच्या मधोमध बसली. ती गवतात शिरली नाही, मांसाच्या वाटीकडे फिरकली नाही. नुसती बसली.

"दमलीस का ग?" रविकांतनं विचारलं. पण ती दमलेली दिसत नव्हती, आणि तेच त्याच्या डोक्यातून जाईना.

४

सकाळी पिंजऱ्यात पाटील नव्हता.

कडी लागलेली होती. जाळी शाबूत. खालची फळी त्यानं दोनदा ठोकून बघितली. रक्त नाही, केस नाहीत, गवत विस्कटलेलंसुद्धा नाही. वाटीतलं मांस काल होतं तसंच होतं. ठकी मधोमध बसली होती, काल बसली होती त्याच जागी.

रविकांत उलट्या बादलीवर बसला आणि त्यानं डोकं चालवायचा प्रयत्न केला. कडी आपण रात्री नीट लावली नसेल. पाटील निसटला असेल आणि नंतर, झोपेत चालल्यासारखं, आपणच येऊन कडी लावली असेल. दमलेला माणूस काय वाट्टेल ते करतो. हे त्याला जवळजवळ पटलं. मग त्यानं ठकीला बाहेर काढलं आणि काल राहिलेलं काम केलं. अंगठ्यानं तिचा जबडा उघडला.

दोन्ही सुळे होते. अख्खे, पांढरेशुभ्र, टोकदार.

त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आपलंच डावं-उजवं चुकतंय का म्हणून पुन्हा बघितलं. ती निमूट तोंड उघडून राहिली. खऱ्या ठकीनं एव्हाना त्याच्या अंगठ्याचा लचका तोडला असता. हिचं अंग हाताला गारही नव्हतं आणि ऊनही नव्हतं.

म्हणजे ठकी आतच होती. एक रात्र, उपाशी, त्या बांधाखाली. आणि आपण हिशेब जमला म्हणून घरी येऊन झोपलो. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की भीती तेवढ्यापुरती मागेच पडली. फेरेटवाल्याला शंभर गोष्टी माफ आहेत, पण जनावर जमिनीत ठेवून घरी जाणं माफ नाही.

त्यानं त्या दुसरीला पेटीत घातलं, फावडं घेतलं. पद्मजा अजून झोपली होती. ते एका अर्थी बरंच झालं. काय सांगणार होता तिला? टेबलावर चिठ्ठी ठेवली: सहाला येतो.

५

मॉसीला त्यानं सुळा दाखवला.

"दात पुन्हा येत नाहीत," मॉसी म्हणाला.

"नाही येत."

"मग ही कुणाची तरी हरवलेली असेल. शेजारच्या गावात पाळतात लोक. आत दोघींची गाठ पडली, ही बाहेर आली." मॉसीनं हे सगळं एका दमात सांगितलं आणि पेटीपासून दोन पावलं मागे सरकला. "सोड तिला जिथली तिथे. आणि चार वाजता निघायचं, सांगून ठेवतो. मला हे शेत आवडत नाही."

रविकांतनं पेटीचं झाकण बिळापुढे उघडलं. ती दुसरी बाहेर आली, सावकाश, घरात शिरावं तशी आत गेली. यंत्रावरचा ठिपका तोवर एका जागी होता. ती आत गेली आणि ठिपका पळत सुटला.

त्यानंतर त्याचं दुसऱ्या कशात लक्ष राहिलं नाही. ठिपका काटेरी झुडपाच्या मुळाशी जाऊन थांबला. तिथे त्यानं खणायला घेतलं. वरची माती काळी, खाली पिवळी चिकण, मग चुनखडीचे गोटे. सव्वा मीटर म्हणत होतं यंत्र. गुडघाभर खणलं तरी सव्वा मीटर. मांडीएवढं खणलं तरी सव्वा मीटर. ओलाव्यानं बिघडलं असेल, म्हणून त्यानं पुसलं, बंद केलं, चालू केलं. आकडा तोच. घाम आला तसं जॅकेट काढून त्यानं खड्ड्याच्या काठावर ठेवलं; त्याच्या खिशात फोन होता, व्हॅनची किल्ली होती.

तीन वाजता फोन वाजला. त्यानं खड्ड्यातून हात लांबवून तो घेतला.

"अरे अक्कल गहाण ठेवलीस काय?" मॉसी ओरडत होता. "सांगून फिरत जा की! गोळी सोडणार होतो मी!"

"कुठे?"

"बांधापलीकडे! ससा होता, मी रायफलच्या दुर्बिणीत धरला, आणि मागे तू उभा. बोट चापावर होतं माझं. माझ्या हातून काय झालं असतं कळतंय का तुला?"

"मॉसी, मी खड्ड्यात आहे. अलीकडे. कमरेपर्यंत."



"आत्ता असशील," मॉसी म्हणाला. "पण मघाशी तिकडे होतास. चेहरा बघितला मी तुझा. हात खाली सोडून उभा होतास, आणि माझ्याकडेच बघत होतास. सरळ दुर्बिणीत."

"काच धुरकटली असेल."

"असेल," मॉसी म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला. "गोळ्या काढून ठेवतो मी. तूही आटप. ठेव तिला तिथेच, रवी. ऐक माझं."

रविकांतनं फोन जॅकेटच्या खिशात टाकला आणि काठावरून डोकं वर काढून बांधापलीकडे बघितलं. कुणी नव्हतं. ओलं गवत, लांबवर दोन घोड्या, दोघींची तोंडं त्याच्याकडे. आत्ता निघालो तर चारला घरी, आंघोळ करून सहाला खुर्चीत. सगळं जमत होतं. तेवढ्यात पायाखालून आवाज आला. डुक, डुक, डुक. फेरेट खुशीत असलं की असा आवाज करतं, आणि ठकी तो फक्त त्याचा वास आला की करायची.

जायचं कसं? तुम्हीच सांगा.

६

सव्वाचारला फावडं पोकळीत गेलं. यंत्रावरचा आकडा अचानक शून्याजवळ आला. रविकांत छातीइतक्या खड्ड्यात पालथा झाला, गाल चिखलाला लावला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"ठके," तो म्हणाला. "ये ग बाई."

बोटांना ओलं नाक लागलं. तिनं बोटं हुंगली, एकेक करून सगळी हुंगली. मग तळवा, मग मनगट. इतका वेळ ती कधीच घेत नसे. कुणाचा हात आहे हे तिला नीट ठरवायचं असावं. शेवटी तिनं अंगठ्याला कडकडून दात लावला, आणि त्या चाव्यात डावीकडे फट होती. रविकांतला रडूच आलं.

वर पावलं वाजली.

"मॉसी," तो चिखलात तोंड ठेवूनच म्हणाला, "सापडली रे. बॅटरी धर जरा इकडे."

कुणी बॅटरी धरली नाही. पावलं खड्ड्याच्या काठाशी थांबली होती. मॉसी पाय ओढत चालतो. ही पावलं हलकी होती. जॅकेटची चेन ओढल्याचा आवाज आला, खालून वर, एका झटक्यात. मग पावलं लांब गेली. रविकांतचा हात आत होता, ठकी कोपरापर्यंत चढली होती. ओढला असता तर ती मागे पळाली असती. म्हणून तो हलला नाही. दोन मिनिटं, फार तर तीन.

लांबून मॉसीचा आवाज आला, सुटका झाल्यासारखा. "आलास का बाबा! सोडलीस ना तिला? बरं केलंस. चल, बस."

व्हॅनचं एक दार लागलं. मग दुसरं.

रविकांत ठकीला छातीशी धरून खड्ड्याबाहेर आला तोवर व्हॅन फाटकाशी पोचली होती. अंधारायला लागलं होतं. मागच्या लाल दिव्यांच्या उजेडात चालवणारा खाली उतरला, कारण मॉसीच्या कमरेमुळे फाटक नेहमी रविकांतच लावायचा. त्याच्या अंगात रविकांतचं जॅकेट होतं. चालही रविकांतचीच होती, पण बारा वर्षांपूर्वीची, गुडघे चांगले असतानाची. त्यानं फाटक ओढलं, साखळी लावली आणि शेताकडे बघत क्षणभर उभा राहिला. जॅकेटवर चिखल नव्हता.

रविकांतनं हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारायची ते त्याला कळेना. व्हॅन गेली.

७

घर पाच मैलांवर होतं. ठकीला स्वेटरच्या आत घालून तो चालत सुटला. चालता चालता त्यानं सगळ्या शक्यता लावून पाहिल्या. चोर असेल. मॉसीनं थट्टा केली असेल. आपल्याला ताप भरला असेल आणि आपण अजून खड्ड्यात पडलेले असू. दोन गाड्या शेजारून गेल्या, त्यानं हात केला, एकही थांबली नाही. चिखलानं माखलेल्या माणसासाठी मीही थांबलो नसतो, असं त्याच्या मनात आलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी तो गल्लीत शिरला. दारात व्हॅन उभी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता आणि वरची झडप भाकरीच्या वाफेसाठी उघडी होती.

पद्मजा तव्यापाशी होती. टेबलाशी, त्याच्या खुर्चीत, तो बसला होता. आंघोळ केलेली, केस ओले, निळा सदरा. पाठ सरळ. डोळे उघडे, आणि तिच्यावरून हलत नव्हते.

"मग दोघंही जायचं?" पद्मजानं विचारलं. "नक्की? उद्या पुन्हा बघू म्हणायचं नाही हं."

खुर्चीतल्यानं मान हलवली.

पद्मजा हसली. पिठाचा हात कपाळाला लावून, डोकं मागे टाकून हसली. असं हसताना रविकांतनं तिला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. खरं सांगतो, पहिल्यांदा त्याला भीती वाटली नाही. हेवा वाटला. तो तिथे चिखलात उभा राहिला आणि त्याला वाटलं, एवढंच तर मागितलं होतं तिनं.

मग तिनं गरम भाकरी त्या ताटात वाढली, आणि खुर्चीतल्यानं भाकरीकडे बघितलंच नाही. पद्मजाकडेच बघत राहिला तो, हात मांडीवर ठेवून, नुसता बसून. रविकांतला पाटील आठवला. न विस्कटलेलं गवत आठवलं. तो धावत दारापाशी गेला आणि त्यानं बेलवर बोट दाबून धरलं.

पद्मजानं साखळी न काढता दार उघडलं. तिच्या गालावर पीठ होतं, चेहऱ्यावर हसू अजून शिल्लक होतं. फटीतून तिनं त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"सॉरी, कॅन आय हेल्प यू?" ती म्हणाली.

"पद्मा, मी आहे," तो म्हणाला. "बाहेर ये. आहेस तशी बाहेर ये. त्याच्याजवळ जाऊ नकोस. पद्मा, अग मी आहे, रवी."

ती ऐकत होती. ज्याची भाषा येत नाही अशा पेशंटचं ती ऐकायची, तसंच, मान किंचित कलती करून, मनापासून, एकही शब्द न कळता. स्वेटरच्या आत ठकी थरथरायला लागली होती. त्यानं साखळीच्या फटीतून हात आत घातला, तशी ती एक पाऊल मागे सरली. ओरडली मात्र नाही. तिला त्याची दया आली होती, ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

"रवी," तिनं आत वळून हाक मारली, "जरा येतोस का रे? दारात कोणीतरी आहे. बिचारा फार दमलेला दिसतोय."

आत खुर्ची सरकली.

"आलो," आतून उत्तर आलं. आवाज रविकांतचाच होता, आणि अगदी टवटवीत होता.